गाइडपट्टीमागची लग्नपत्रिका

या अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा त्यांना माझ्याकडून हवे होते गिऱ्हाइकांचे किस्से. "तुमच्याकडे इतकी वर्षं इतकी माणसं देवघरं करून घ्यायला आली, जरा हसवा आमच्या वाचकांना," असं ते म्हणाले. मी लगेच हो म्हटलं. बोलायला मला आवडतं, आणि कारखाना बंद केल्यापासून माझं ऐकायला घरात कुणाला वेळ नसतो.

किस्से आहेतच. पनवेल आणि आसपास मला 'नंदू देवघरवाला' म्हणून ओळखायचे. खांदा कॉलनीतल्या एका साहेबांना देवघरातच फोन चार्ज करायची सोय हवी होती, कारण त्यांच्या घरी आरती फोनवर लागायची आणि ऐन कापूरआरतीला फोन बंद पडायचा. एक नवं जोडपं देवघर किती उंचीवर लावायचं यावरून माझ्यासमोर पाऊण तास भांडलं. नवरा सहा फूट, बायको जेमतेम पाच. शेवटी मी विचारलं, पूजा कोण करणार? दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. एक आजोबा दर वर्षी यायचे आणि मागच्या वर्षी नेलेल्या देवघराला आणखी एक कप्पा वाढवून मागायचे. कुणी तीर्थयात्रेहून आलं की त्यांच्याकडे एक देव वाढायचा.

असे पंधरा-वीस किस्से मी लिहून काढले होते. ते बाजूला ठेवून हे दुसरंच लिहितोय. का, ते शेवटपर्यंत वाचलंत तर कळेल. वाचून माझ्याबद्दल तुमचं मत खाली येईल, याची मला कल्पना आहे.

आधी या गोष्टीतलं मशीन काय असतं ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. बँडसॉ म्हणजे पट्ट्याची करवत. माणसाएवढ्या उंच मशीनला वर एक चाक आणि खाली एक चाक. त्या दोन चाकांवरून पोलादी पातं गोल फिरतं. त्याची दोन टोकं जोडलेली असतात, त्यामुळे त्याला सुरुवात नाही आणि शेवट नाही. पात्याला एका कडेला दात. मधे लोखंडी टेबल. टेबलावर लाकूड ठेवायचं आणि हातानं पात्यावर ढकलत न्यायचं. जाड फळी उभी धरून तिच्या पातळ पातळ फळ्या काढायच्या असतील तर या मशीनसारखं दुसरं काही नाही. देवघराची पाठ, दारं, बाजू, सगळं अशा पातळ फळ्यांचं असतं.

आमच्याकडे या मशीनवर हिरामण भोईर बसायचे. सुकापूरचे, माझ्याहून दहा-अकरा वर्षांनी मोठे. घरची भातशेती होती, ती गेली आणि तिथे आता इमारती आहेत. मी आयटीआय करून पनवेलच्या एका वखारीत लागलो तेव्हा ते तिथे आधीपासून होते. माझ्याकडे सर्टिफिकेट होतं आणि त्यांच्याकडे हात होता. पुढे मी स्वतःचा कारखाना काढला तेव्हा सगळ्यात आधी त्यांना घेऊन आलो. मी त्यांना हिरामणदादा म्हणायचो. ते गिऱ्हाइकासमोर मला 'शेठ' म्हणायचे आणि गिऱ्हाईक गेलं की 'नंदू'. ही त्यांचीच रीत होती, मी कधी सांगितलेली नव्हती.

हिरामणदादा फळीवर पेन्सिलीची एक रेघ मारायचे आणि कसल्याही आधाराशिवाय त्या रेघेवरून पातं न्यायचे. लाकूड नेताना ते त्याची अगदी जराशी कूस बदलायचे, इतकी कमी की बघणाऱ्याला दिसायचं नाही. निघालेली फळी दोन्ही टोकांना सारखी. पण एक फळी काढायला त्यांना वेळ लागायचा. मला घाई असायची. नवीन पनवेल, कामोठे, सुकापूर, सगळीकडे घरांचे ताबे मिळत होते आणि प्रत्येकाला वास्तुशांतीच्या आधी देवघर हवं होतं.

म्हणून मी गाइडपट्टी करायची ठरवली. पात्याच्या बाजूला, हव्या त्या अंतरावर एक उभी सरळ पट्टी पक्की बसवायची. लाकूड त्या पट्टीला टेकवलं आणि ढकललं की झालं. रेघ मारायला नको, डोळा लावायला नको. विकत मिळत होती, पण आमचं मशीन जुनं, त्याला ती बसेना. आणि खरं सांगायचं तर मला ती स्वतः करायची होती. टेबलाच्या पुढच्या कडेला लोखंडी अँगल बसवला. स्लायडिंग खिडक्यांच्या भंगारातून एक जाड अ‍ॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप निवडून आणला, त्याला सहा इंच उंच प्लायवूड लावलं, वर गुळगुळीत सनमायका चिकटवला. दोन बोल्टनी पाइप अँगलला आवळला. सुताराचा गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं आमचं हत्यार, तो लावून चारचारदा बघितलं. केसाचाही फरक नव्हता. तीन दिवस मी दुसरं काही केलं नाही. पूर्ण झाल्यावर बायकोला फोटो पाठवला. तिनं अंगठा पाठवला.

पहिल्याच दिवशी हिरामणदादा म्हणाले की लाकूड पट्टीला धरून राहत नाही, बाजूला जायला बघतं. मी म्हटलं, सवय नाही तुम्हाला, दाबून धरा. ते दाबून धरू लागले. दोनचार दिवसांनी फळ्या एकदम छान निघायला लागल्या. मी सगळ्यांना सांगत सुटलो की बघा, अर्ध्या वेळात काम होतंय.

आठवड्याभरानं मशीन पुसताना मला पट्टी आणि अँगल यांच्या जोडात, एका अंगाला, घडी घातलेला पुठ्ठा दिसला. ओढून काढला. लग्नपत्रिका होती, पिवळी, वर गणपती. हिरामणदादांच्याच मुलाच्या लग्नाची. त्याच लग्नात मी पहिल्या पंगतीला जेवलो होतो. चार घड्या घालून त्यांनी ती जोडात सारली होती. त्यामुळे माझी पट्टी काटकोनातून थोडी फिरली होती.

मला जो राग आला तो आठवून आज कानशिलं तापतात. तीन दिवस खपून मी गुण्यात बसवलेल्या वस्तूत कुणीतरी पाचर मारली होती. हे कशासाठी, असं मी त्यांना विचारलं. ते ओशाळले. म्हणाले, "कागद घातला का सरळ चिरतंय. कशानं, ते मना नाय ठाव."

मला ठाऊक होतं. म्हणजे असं मला वाटलं. मी गुण्या आणला, पत्रिका काढून पट्टी पुन्हा आवळली आणि गुण्या लावून त्यांना दाखवला. म्हटलं, हे बघा, पट्टी सरळ आहे. मशीन सरळ आहे. मग वाकडं काय राहिलं? तुमचा ढकलायचा हात. तुम्ही एका अंगाला रेटता आणि ते झाकायला पट्टी वाकडी करता. ते गुण्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गुण्या कशाला खोटा बोलंल." पत्रिका मी माझ्या खणात टाकली आणि ताकीद दिली की पुन्हा पट्टीला हात लावायचा नाही.

याच सुमारास बाई आल्या. बाई म्हणजे शाळेतल्या शिक्षिका, आता निवृत्त आहेत. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडणार नाही. त्यांचं माहेरचं गाव विमानतळाच्या जागेत गेलं आणि घरं दुसरीकडे उठून गेली. अंगणात एक फणसाचं झाड होतं. ते तोडलं गेलं तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या धाकट्या भावानं खोडातली एक जाड फळी मिळवली आणि दोन वर्षं घरात उभी करून वाळवली. ही चार भावंडं. प्रत्येकाच्या घरात देवघर हवं आणि चारही देवघरांची पाठ या एका फळीतून निघायला हवी, म्हणजे चारही घरांत लाकडाच्या रेषा तशाच दिसतील. एकाच लाकडाच्या लागोपाठ काढलेल्या फळ्यांवर नक्षी जवळजवळ सारखी उतरते, हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं आणि ते खरं आहे. फळी सव्वादोन इंच जाड होती. अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या चार फळ्या बरोबर बसत होत्या. चुकायला जागा नव्हती.

फणस चिरताना बघायला बाई भावाला घेऊन आल्या. कारखान्यात माझे दोन कारागीरही हातातलं काम ठेवून उभे राहिले. मी बाईंना माझी गाइडपट्टी दाखवली, गुण्या लावून दाखवला. हिरामणदादांनी फळी पट्टीला टेकवली. पिवळाधमक भुसा उडायला लागला. फळी अर्ध्यावर आली आणि त्यांनी हात थांबवला. "शेठ, बाजूला जातंय," ते म्हणाले.

मी बाईंशी बोलत होतो. मी म्हटलं, "चालवा तुम्ही. पट्टीला दाबून धरा."

त्यांनी दाबून धरलं. ती फळी बाहेर आली तेव्हा एका टोकाला बोटाएवढी जाड होती आणि दुसऱ्या टोकाला पापडासारखी पातळ. बाकीच्या लाकडातून नंतर मी कशाबशा तीन पाठी काढल्या, त्याही हव्या त्याहून पातळ. चौथी झाली नाही. ते झाड परत उगवणार नव्हतं आणि ते अंगणही आता नव्हतं. बाईंनी ती वाया गेलेली फळी उचलली आणि पदरानं तिच्यावरचा भुसा पुसला.

काहीतरी बोलणं मला भाग होतं. मी बोललो. चौघांच्या देखत मी म्हटलं, "हिरामणदादा, तुमचा हात वाकडा झालाय. वय झालं. आता मशीनवर बसू नका."

त्यांनी मशीन बंद केलं. चाकं थांबेपर्यंत उभे राहिले. मग रोजच्यासारखं ब्रशनं टेबल झाडलं आणि बाईंच्या भावाजवळ जाऊन हात जोडले. तो भाऊ तोंड फिरवून बाहेर गेला. पुढचे दोन दिवस हिरामणदादा कोपऱ्यात बसून पॉलिशपेपर घासत होते. गिऱ्हाईक नसतानाही मला 'शेठ' म्हणत होते. तिसऱ्या दिवशी आले नाहीत. मी फोन केला नाही. मनाला सांगितलं, मुलगा न्हावा शेव्याच्या बंदरात लागलाय, सून चांगली आहे, बसू देत घरी आरामात.

मशीनवर मी बसलो. माझा हात सरळ होता, आयटीआयमध्ये वाखाणलेला. पहिली फळी बाहेर आली आणि ती एका टोकाला जाड, एका टोकाला पातळ. दुसरीही तशीच. तिसऱ्या फळीला मी इतकं दाबलं की मनगट दुखलं, तरी तशीच. दोन्ही कारागीर शेजारच्या टेबलावर खाली मान घालून काम करत होते. जेवायच्या सुट्टीत ते बाहेर गेले तेव्हा मी खण उघडला, पत्रिका काढली, होत्या तशाच चार घड्या घातल्या आणि जोडात सारली. त्यानंतरची फळी दोन्ही टोकांना सारखी निघाली. मी कॅलिपर लावून जाडी मोजून बघितली. मग आणखी एक काढली. तीही सारखी.

आता कारण सांगतो, साधं आहे. पात्याचे दात एकाआड एक डावीकडे-उजवीकडे थोडे वाकवलेले असतात. एका बाजूचे दात जरा जास्त बोथट झाले की पातं दुसऱ्या बाजूला ओढायला लागतं. प्रत्येक पात्याची ओढ वेगळी आणि तेच पातं जुनं झालं की त्याची ओढही बदलते. पट्टी टेबलाशी काटकोनात आहे का, याला काहीच अर्थ नसतो. पट्टी पात्याच्या ओढीशी जुळवावी लागते. हिरामणदादा इतकी वर्षं हातानं तेच करत होते. लाकडाची ती जराशी कूस बदलायचे, ती त्यासाठीच. मी पट्टी लावून त्यांचा हात बांधून टाकला, तेव्हा त्यांनी लग्नपत्रिकेची घडी घालून पट्टीलाच कूस बदलायला लावली. त्याला काय म्हणतात ते त्यांना माहीत नव्हतं. मला गुण्या माहीत होता.

त्याच दिवशी सुकापूरला जायला हवं होतं. वीस मिनिटांचा रस्ता. मी गेलो नाही. मी काय केलं ते सांगतो. अँगलमधलं बोल्टचं भोक कानशीनं घासून लांबट केलं, म्हणजे पट्टी हवी तशी फिरवून आवळता यावी. पत्रिका पुन्हा खणात ठेवली. कारागिरांना म्हटलं, थोडी सुधारणा केली आहे. पुढे आसपासचे कारखानदार ती बघायला यायला लागले. 'नंदूची गाइड' असं नाव पडलं. चारपाच जणांनी तशीच करून घेतली. मी चहा पाजून प्रत्येकाला पात्याच्या ओढीवर भाषण द्यायचो.

खंडेनवमीला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा व्हायची. दर वर्षी बँडसॉची पूजा हिरामणदादा करायचे, फुलं त्यांच्या परसातली. त्या वर्षी ते येणार नाहीत असं मी धरून चाललो होतो. सकाळी कारागिरानं सांगितलं की दादा रिक्षातून उतरतायत. पट्टी तेव्हा त्या पात्याच्या ओढीप्रमाणे चांगली तिरकी बसवलेली होती. कुणालाही दिसली असती, त्यांना तर दारातूनच दिसली असती. मी बाजूच्या मशीनवरची झेंडूची जाड माळ उचलली आणि ती पट्टीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरून टाकली. देवाचं फूल मी माझी चूक झाकायला वापरलं. एवढ्या वर्षांत मी केलेल्या सगळ्या गोष्टींत मला याचीच सगळ्यात जास्त लाज वाटते.

त्यांनी पाय धुतले, मशीनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मग विचारलं, "आता सरळ चिरतंय?"

मी हो म्हटलं.

"कोन बसतंय?"

"मीच."

"बरं जालं," ते म्हणाले. "तुमचा हात सरळ हाय."

मी त्यांना पेढा दिला. तो त्यांनी कागदात बांधून घेतला. त्यानंतर ते कधी आले नाहीत. मी लग्नाकार्यात त्यांना लांबून बघायचो आणि पंगत बदलायचो. अशी नऊ वर्षं गेली. मधे मी कारखाना आवरला, मशीन भंगारात गेलं, पट्टीही गेली. खण रिकामा करताना पत्रिका मात्र टाकवेना. ती मी घरी कपाटात ठेवली.

यंदा पावसाळ्यानंतर अमेय नावाच्या एका तरुणाचा फोन आला. कंपनीत नोकरीला आहे, तीन दिवस घरूनच काम करतो, सुकापूरला रो-हाउस आहे. छंद म्हणून त्यानं टेबलावर ठेवायचा छोटा बँडसॉ मागवला होता आणि व्हिडिओ बघून त्याला घरीच गाइडपट्टी केली होती. कुणीतरी त्याला माझं नाव सांगितलं. मी गेलो. काम सुबक होतं, माझ्या पहिल्या पट्टीपेक्षा चांगलं. त्यानं फळी चिरून दाखवली, वाकडी निघाली. मग हसून म्हणाला, "काका, ही पट्टी, फेन्स, परफेक्ट नव्वद डिग्रीत आहे, मी चेक केलंय. माझाच हात वाकडा आहे बहुतेक."

मी पटकन म्हणालो, "हात नाही रे, पातं ओढतंय." नऊ वर्षांपूर्वी जे वाक्य बोलायचं होतं ते मी एका अनोळखी माणसाला एका सेकंदात बोलून बसलो. त्याला दाखवलं: एका टाकाऊ फळीवर रेघ मार, पट्टी काढून ठेव, आधाराशिवाय रेघेवरून ने. अर्ध्यावर आलास की मशीन बंद कर आणि फळी कशी तिरकी झाली आहे ते बघ, ती पात्याची ओढ. पट्टी तशी लाव. त्याच्या पट्टीला फिरायला जागा नव्हती, म्हणून मी त्याच्या एका कुरिअरच्या पाकिटाचा पुठ्ठा चार घड्या घालून जोडात सारला. फळी सरळ निघाली. तो खूश झाला. विचारलं, ही युक्ती कोणाची?

मी म्हटलं, "अनुभवानं येतं."

परत येताना रिक्षात बसलो तेव्हा मला स्वतःची किळस आली. हिरामणदादांचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे होतं, आणि आता तर कारखानाही नव्हता, नावही कुणाला फारसं आठवत नव्हतं. तरी मी खोटं बोललो होतो. तिसऱ्या दिवशी पत्रिका खिशात घालून मी त्यांच्याकडे गेलो.

ते ओटीवर खुर्चीत बसले होते. खंगलेत, पण हात तसेच आहेत, रुंद. सुनेनं चहा आणला. मी सगळं सांगितलं. पत्रिका, पातं, लांबट केलेलं भोक, झेंडूची माळ, सगळं. मधे थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर काहीतरी वगळलं असतं. पत्रिका पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. सुनेनं घेतली, उघडली आणि स्वतःचं नाव वाचून आत गेली.

हिरामणदादा म्हणाले, "म्हंजे माजा हात बरोबर व्हता."

मी हो म्हटलं.

"नातीचा पाळना मी केला नाय," ते म्हणाले. "लाकूड आनलं व्हतं. हात वाकडा, पाळना वाकडा जाला त पोर पडंल. बाजारातला आनला. लाकूड माळ्यावर हाय अजून."

त्या दिवसापासून त्यांनी करवत हातात धरली नव्हती. घराचं दार, पोरीचं टेबल, देव्हारा, सगळं दुसऱ्यांकडून करून घेतलं होतं. नात आता आठ वर्षांची आहे. आम्ही बोलत असताना ती तिथेच सायकल पुसत होती. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावायला गेलो. त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"तवा चार मानसं व्हती," ते म्हणाले. आवाज चढला नाही. "चार मानसांत बोललात. आन आज मना एकट्याला सांगता."

मी मनातल्या मनात ठरवून आलो होतो की ते रागावतील, मग शांत होतील, मग 'नंदू' म्हणतील. निघताना ते एवढंच म्हणाले, "सावकाश जावा, शेठ."

तेव्हापासून मी ती चार माणसं शोधतोय. आधी बाईंकडे गेलो. त्यांनी मला आत बसवलं, ऐकून घेतलं आणि डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाल्या, "आम्ही घरी इतकी वर्षं त्या म्हाताऱ्या माणसाला नावं ठेवली हो." मला त्यांनी दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. त्यांच्या भावाला त्यांनीच फोन लावून दिला. त्यानं ऐकलं आणि फोन ठेवला. त्याच्या घरी आजही फणसाचं देवघर नाही. एक कारागीर महाडला असतो, त्याला सांगितलं. तो म्हणाला की त्याला तेव्हाच कळलं होतं, पण शेठला कोण सांगणार. दुसरा कारागीर सापडत नाही. त्याचा नंबर बदललाय, गावी कुणाला पत्ता ठाऊक नाही. आणि त्या चौघांशिवायही, माझ्याकडून 'नंदूची गाइड' शिकून गेलेले कारखानदार आहेत, माझा चहा पिऊन माझी हुशारी वाखाणलेले. ते सगळे हा अंक घेतात, हे मला माहीत आहे.

म्हणून संपादकांची माफी मागून किस्से बाजूला ठेवले. ती गाइडपट्टी मी केली, पण तिला चालती केली हिरामण भोईर यांनी, मुलाच्या लग्नपत्रिकेची घडी घालून. फणसाची फळी मी वाया घालवली, त्यांनी अर्ध्यावर थांबवलं होतं आणि मी चालवा म्हटलं. जे मी चार माणसांत बोललो होतो ते खोटं होतं. हिरामण भोईर यांचा हात पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ होता.

अंक आला की सुकापूरला नेऊन देणार आहे. दादांना बारीक अक्षर दिसत नाही, सून वाचून दाखवेल. मी ओटीखाली उभा राहीन.